मान्यतेस्तव सादर

नानांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘सुप्रभात’ टाकलं तरी त्याला विषय असतो. ‘विषय : सुप्रभातबाबत.’ खाली दोन ओळींचा सुविचार, त्याखाली उगवत्या सूर्याचं चित्र, आणि चित्राच्या खाली ‘सोबत : वरीलप्रमाणे’. कोणी नुसता अंगठा दाखवला, तर नाना त्याला संध्याकाळी चौकात गाठतात. “तुमची पोच मिळाली. पण वाचलंत का?”

नाना एका विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात वरिष्ठ सहायक आहेत. कोणत्या, ते सांगत नाही. “नाव छापायचं तर आधी मान्यता घ्यावी लागेल,” असं त्यांनीच मला बजावलंय, आणि ती मान्यता येईपर्यंत हा अंक रद्दीत गेलेला असेल. मुंबईत विद्यापीठांची वानवा नाही. १८५७ चं मुंबई विद्यापीठ आहे, कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेलं महिला विद्यापीठ आहे, शिवाय अभिमत आहेत, खाजगी आहेत. वाचकांनी आपापल्या सोयीचं धरावं. तसंही ज्या कचेरीतून टंकलेखन यंत्र गेलं आणि संगणक आला, मग संगणकाचं काम मोबाइलवर आलं, आणि या सगळ्या धामधुमीत टेबल मात्र तेच राहिलं, त्या प्रत्येक कचेरीत एक नाना असतोच. त्याच्या ड्रॉवरमध्ये टाचण्यांची डबी असते, वापरून झालेले कार्बन पेपर असतात आणि हल्ली एक पॉवर बँक असते.

नाना राहतात चारकोपला. ‘कांदिवली पश्चिम’ एवढाच पत्ता कोणी सांगितला तर त्यांना तो अपुरा वाटतो. प्लॉट क्रमांक, आर.एस.सी. क्रमांक, सेक्टर, मग चारकोप, मग कांदिवली, असा पत्ता ते एका श्वासात आणि एकही स्वल्पविराम न गाळता सांगतात. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे प्लॉट पाडले. सरकारने जमीन, पाणी, गटार, रस्ता द्यायचा; घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. पस्तीसेक प्लॉटांची एक सोसायटी आणि मध्ये मोकळा चौक. आज बघाल तर तळाला एक रंग, पोटमाळ्याला दुसरा, वरच्या मजल्याला तिसऱ्याच मापाच्या खिडक्या आणि बाहेरून चढवलेला लोखंडी जिना. विद्यापीठाचं संकेतस्थळ पहिल्यांदा नीट न्याहाळलं तेव्हा नाना मला म्हणाले, “अहो, हे तर आपलं चारकोपच! प्लॉट विद्यापीठाने दिला, मजले ज्या त्या विभागाने चढवले. परीक्षा विभागाचा जिना बाहेरून आहे, आणि वसतिगृहाच्या खोलीला दारच ठेवलेलं नाही.”

घोषणांच्या बाबतीत चारकोपचा माणूस एरवीही सावध असतो. २००९ साली राष्ट्रपतींच्या हस्ते चारकोप-वांद्रे-मानखुर्द मेट्रोची पायाभरणी झाली. २०१४ साली तो प्रकल्पच गुंडाळला. मग २०२२ च्या एप्रिलमध्ये मेट्रो २अ सुरू झाली. तिची कारशेड चारकोपला आहे, पण चारकोप नावाचं स्टेशन नाही. “गाड्या झोपायला आमच्याकडे येतात,” नाना म्हणतात, “आणि आम्ही चढायला डहाणूकरवाडीला जातो.” पायाभरणीच्या बातमीचं कात्रण त्यांनी जपून ठेवलंय. घोषणा आणि माहिती यांतला फरक विभागातल्या नव्या पोरांना समजावताना ते उपयोगी पडतं.

कात्रणं हा नानांच्या आयुष्याचा एक मोठा विभाग आहे. ते नोकरीला लागले तेव्हा जनसंपर्क विभाग म्हणजे एक साहेब, एक गोदरेजचं मराठी टंकलेखन यंत्र आणि नाना. मराठी तीस, इंग्रजी चाळीस ही त्यांची गती. आजही मोबाइलवर ते एका बोटाने त्याच तालात बडवतात आणि ओळ संपली की त्यांचा डावा हात उगाच हवेत सरकतो. सकाळी प्रेसनोट टाइप करायची, सायक्लोस्टाइल काढायची आणि दुपारी वाटायला निघायचं. बोरीबंदरासमोर टाइम्सची इमारत, नरिमन पॉइंटला एक्स्प्रेस टॉवर्समध्ये लोकसत्ता, गिरगावात नवाकाळ, शेवटी प्रभादेवीला सामना. कुठे कोणत्या खिडकीशी नोट द्यायची, कुठला उपसंपादक चहानंतर माणसात येतो, कोणाकडे पाचनंतर जाण्यात अर्थ नाही, हे सगळं त्यांना पाठ. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बातमी आली की कात्रण वहीत चिकटवायचं आणि पट्टीने मोजायचं. नव्या पोरांनी ‘रीच किती?’ असा शब्द काढला की नाना त्या वह्या पुढे करतात. “एकोणीसशे त्र्याण्णवचा दीक्षान्त समारंभ. सहा इंच, दोन कॉलम. फोटोसह.”

मग संगणक आला आणि त्याच्यामागून फाँटचं दुखणं. विभागात श्रीलिपी, परीक्षा विभागात सुरेख, वर्तमानपत्राकडे तिसरंच काही. पाठवलेला मजकूर पलीकडे उघडला की कुलगुरूंच्या नावाच्या जागी दोन चौकोन, एक अर्धचंद्र आणि डॉलरचं चिन्ह. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. नानांच्या विभागात ती कधी पोचली हे मी विचारलं नाही, कारण त्यांनी आवक नोंदवही काढून दाखवली असती.

नानांचा कायापालट झाला तो कार्यशाळेत. ‘डिजिटल आशयनिर्मिती व नियोजन : कौशल्यवृद्धी कार्यशाळा.’ हे नाव नानांनीच दिलेलं. आधीच्या नावात मराठी शब्द एकच होता आणि तो ‘व’ होता. पहिला तास दीपप्रज्वलनात गेला, दुसरा शाल-श्रीफळात. एका मान्यवरांनी डिजिटल युगाचं महत्त्व विशद करताना स्वतःचा फोन दोनदा उचलला. प्रत्यक्ष शिकवायला उरला जेवणाआधीचा पाऊण तास. शिकवणारी बाई नानांच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, “काहीही लिहिण्याआधी एकच वाचक डोळ्यांसमोर आणा. तिचं वय काय, गाव कुठलं, हातात फोन कसला, अडचण काय.” बाकीच्यांनी हे वहीत उतरवून घेतलं. नानांनी वाचक आणली.

ती डहाणूची आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. पहाटेची लोकल पकडते. लोकल डहाणूपर्यंत जायला लागली २०१३ साली. त्याआधी तिला इतक्या लांब पाठवलंच नसतं, असं नाना ठामपणे सांगतात. फोन भावाचा जुना, काचेला तडा. दिवसाला दीड जीबी डेटा, त्यातला निम्मा भाऊच हॉटस्पॉटवर ओढतो. विरार येईपर्यंत तिला बसायला मिळतं, पुढे दारुड्यासारखी गर्दी अंगावर येते, आणि एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर ती विद्यापीठाची सूचना वाचते.

त्या दिवसापासून विभागात प्रत्येक मजकुराला एकच कसोटी. “डहाणूच्या पोरीला कळेल का?” कुलसचिवांकडून मसुदा आला, ‘विद्यार्थ्यांनी विहित नमुन्यातील आवेदनपत्र विहित शुल्कासह विहित मुदतीत सादर करावे’, तर नाना तो घेऊन स्वतः वर गेले. “साहेब, यात तीन विहित आहेत. पोर उभ्याने येते.” साहेबांना काही उमगेना. पण वयस्कर माणूस इतक्या कळकळीने बोलतोय म्हणून त्यांनी दोन विहित काढू दिले. तिसरा राहिला, काहीतरी राहायला हवं ना. पुढे एकदा लिफ्टमध्ये साहेबांनी हळूच विचारलं, “ती डहाणूची मुलगी तुमच्या नात्यातली का?” नाना म्हणाले, “तसंच समजा.”

विभागात एक कंत्राटी मुलगी आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. रील, चित्रफिती, रंगीत पाट्या सगळं तीच करते. टिपणीत नाना तिचा उल्लेख ‘श्रीमती’ असा करतात, समोर ‘बाळ’ म्हणतात. ती त्यांना सर म्हणते आणि सकाळी आल्या आल्या विचारते, “सर, डहाणू काय म्हणतेय आज?” यात थट्टा किती आणि विचारपूस किती हे आता तिलाही सांगता येणार नाही. परीक्षेच्या दिवसांत तर ती स्वतःच म्हणाली होती, “सर, ही पाटी पावणेसातला टाकू, तेव्हा ती बोईसर-पालघरच्या मध्ये असेल, रेंज जाते. सातला टाकू.”

दोघांचं भांडण होतं ते रीलवरून. परीक्षा अर्ज कसा भरावा यावर तिने अर्ध्या मिनिटाची चित्रफीत केली. नानांनी ती पाहिली आणि म्हणाले, “प्रास्ताविक कुठाय?” त्यांच्या मते सुरुवातीला विद्यापीठाचं बोधचिन्ह, मग इमारत, मग कुलगुरूंचा नमस्कार, मग विषय. हिशेब केला तर नमस्कार संपेपर्यंत चित्रफीत संपत होती. शेवटी तडजोड निघाली. नमस्कार गेला, त्याच्या बदल्यात नानांनी कॅमेऱ्यासमोर एक वाक्य बोलायचं. ‘नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा.’ एवढंच. पण कॅमेरा लागला की नाना खाकरत आणि म्हणत, “उपरोक्त विषयास अनुसरून...” दुपार गेली. अखेर तिने कॅमेरा बंद केल्याचं नाटक केलं आणि विचारलं, “सर, पोरं अर्जात सगळ्यात जास्त कुठे चुकतात हो?” नाना भडाभडा बोलले. तीच चित्रफीत लागली. त्यात नानांच्या मागे फायलींचं कपाट दिसतं आणि कपाटावर डबा.

आता स्कॅनबद्दल. इतकी वर्षं पद्धत अशी की परिपत्रक टाइप करायचं, छापायचं, त्यावर सही-शिक्का घ्यायचा, मग तो कागद तिरका ठेवून स्कॅन करायचा आणि संकेतस्थळावर चढवायचा. कार्यशाळेतल्या बाई जाता जाता म्हणाल्या होत्या की दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा फोन पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, मात्र तो मजकूर असला पाहिजे, मजकुराचा फोटो नव्हे. नाना घरी आले, भाचरांकडून फोनमधलं टॉकबॅक सुरू करून घेतलं, डोळे मिटले आणि आपल्याच विभागाचं पान उघडलं. फोन बोलला, “इमेज.” पुन्हा, “इमेज.” मग एक आकडा आणि पुन्हा “इमेज.” तीस वर्षांची नोकरी आणि फोनला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. त्या रात्री नाना जेवले नाहीत असं काकू सांगतात. नाना म्हणतात जेवले, पण आमटी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी टिपणी गेली. संदर्भ एक : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. संदर्भ दोन : सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं, २००९ ची मूळ आणि २०२३ ची तिसरी आवृत्ती. संदर्भ तीन : ‘निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः डोळे मिटून घेतलेला अनुभव’. मागणी एवढीच, की परिपत्रक मजकूर म्हणून लावावं. वरून शेरा आला, ‘सही-शिक्का दिसणे आवश्यक.’ नानांनी तोड काढली. वर साधा मजकूर, खाली शिक्क्याचा कागद. ज्याला वाचायचंय त्याने वरचं वाचावं, ज्याला शिक्का बघायचाय त्याने खालचा बघावा. या एका बदलासाठी त्यांचा कुठे सत्कार झाला नाही. त्यांना पुरस्कार मिळाला तो छायाचित्रांच्या वर्णनांसाठी, तोही विभागापुरता. प्रत्येक फोटोला शब्दांत वर्णन जोडायचं म्हटल्यावर प्रेसनोटचा जुना हात जागा झाला. ‘डावीकडून’ने सुरू होणारं वर्णन, सतरा मान्यवर, पदनामांसह, आणि शेवटी ‘मागील बाजूस समई व चार अनोळखी व्यक्ती’.

नानांचं खरं प्रेम मात्र कॅलेंडरवर. ते एक्सेलमध्ये आहे, पण छापून भिंतीलाही लावलंय, कारण ‘वीज गेली तर?’ तारीख, वार, विषय, माध्यम, जबाबदारी, मान्यता, शेरा. सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी कोणत्या थोर व्यक्तींच्या जयंत्या कचेऱ्यांत साजऱ्या करायच्या त्याचं परिपत्रक काढतो. ते आलं की नानांची दिवाळी. ३ जानेवारी सावित्रीबाई, १२ जानेवारी जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, ११ एप्रिल जोतीराव, १४ एप्रिल बाबासाहेब, २६ जून शाहू महाराज. शिवजयंतीला दोन रकाने : १९ फेब्रुवारी तारखेनुसार आणि खाली फिकट रंगात तिथीनुसार, ‘गरज पडल्यास’. महाराष्ट्रात इतकी दूरदृष्टी ठेवावीच लागते.

त्या कंत्राटी मुलीने एकदा हा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, “सर, यात निकाल कुठे आहेत?” नाना थबकले. कॅलेंडरमध्ये जे जे बसलं होतं त्याची तारीख ठरलेली होती. आणि विद्यार्थी ज्याची वाट बघतात त्या निकालाला, हॉलतिकिटाला, फेरपरीक्षेला, शिष्यवृत्तीला तारीख नव्हती. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. आपल्याकडची निम्मी नियोजनं ज्याची तारीख माहीत आहे त्याचीच केलेली असतात.

नानांनी तेव्हा २०१७ चा दाखला काढला. त्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पहिल्यांदाच सरसकट संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल रखडले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. आमच्या चौकातली पोरं तेव्हा रोज रात्री फोन घेऊन कट्ट्यावर बसायची. “आपलं विद्यापीठ नव्हतं, पण धडा आपला आहे,” नाना म्हणाले. “निकाल उद्या नाही, हीसुद्धा बातमी असते. ती आपण दिली नाही तर ती पानवाला देतो.” कॅलेंडरमध्ये नवा रकाना आला, ‘आज सांगण्यासारखे काही नाही, हे सांगणे’. दर शुक्रवारी. अशी पाटी कोण वाचणार, असं सगळ्यांनाच वाटलं. पण निकालाच्या दिवसांत तीच सगळ्यात जास्त वाचली जाते.

मान्यतेची साखळी हा यातला खडतर भाग. गुरुपौर्णिमेच्या शुभेच्छांची टिपणी मी डोळ्यांनी पाहिली आहे. ‘सविनय सादर. गुरुपौर्णिमेनिमित्त शुभेच्छापर संदेश समाजमाध्यमांवर प्रसारित करावयाचा आहे. मसुदा पताका अ येथे. चित्र पताका ब येथे. मान्य झाल्यास प्रसारित करण्यात येईल.’ सहायक, अधीक्षक, उपकुलसचिव, कुलसचिव. परत येताना तोच उतार. मधल्या एकाने ‘गुरू’चा रू दीर्घ का, अशी शंका काढली. तिचं निरसन होऊन फाइल खाली आली तेव्हा पौर्णिमा आटपून वद्य पंचमी लागली होती. नानांनी संदेश टाकला आणि वर एक ओळ जोडली, ‘गुरू रोजच असतात.’

शुभेच्छांचं ठीक, पावसाचं काय? मुंबईत जुलैमध्ये हवामान खात्याचा रेड अलर्ट रात्री दहाला येतो आणि पेपर सकाळी साडेदहाला असतो. तेवढ्यात फाइल तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावरही जात नाही. इथे नानांनी जे केलं ते मी कुठल्याही डिजिटल गुरूच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्यांनी एप्रिलच्या रणरणत्या उन्हात फाइल चालवली. ‘अतिवृष्टीमुळे दिनांक ____ रोजीची परीक्षा पुढे ढकलण्यात आली आहे. नवी तारीख ____ पर्यंत कळवू. आज घरीच थांबा.’ मजकुराला आगाऊ मान्यता, फक्त जागा रिकाम्या. लोकल बंद, वीज बंद, सर्व्हर बंद, प्रश्नपत्रिका उशिरा, केंद्र बदललं : जेवढी संकटं नानांना सुचली तेवढे मसुदे. वर बसलेल्यांना घाम पुसता पुसता अतिवृष्टीवर सही करणं विनोदी वाटलं. त्यांनी हसत हसत केली.

पुढच्या पावसाळ्यात एका पहाटे चारकोपच्या रस्त्यावर पाणी भरलं होतं, रिक्षा एक नाही. परीक्षा विभागाचा फोन आला, नानांनी लुंगीवरच रिकाम्या जागा भरल्या आणि सहाच्या आत पाटी गेली. “डहाणूची गाडी सुटायच्या आत,” ते मला छत्रीखालून ओरडून म्हणाले. पाटी छोटी, सोपी, चोख होती. फक्त खाली बारीक अक्षरांत ‘प्रत : माहितीसाठी’ राहिलं होतं.

लोकांच्या प्रतिक्रियांना उत्तर देण्याचं कामही नानांनी स्वतःकडे घेतलंय. एक मुलगा कुठल्याही पाटीखाली ‘भाऊ निकाल कधी’ लिहितो. गांधी जयंतीला लिहिलं, योग दिनाला लिहिलं, एका माजी कुलगुरूंच्या निधनवार्तेखालीही लिहिलं. कोणीही वैतागला असता. नाना दर वेळी त्याला उत्तर देतात : ‘महोदय, आपली विचारणा प्राप्त झाली.’ निकाल लागला त्या दिवशी नानांनी सगळ्यात आधी त्याला वेगळा संदेश पाठवला. त्याने लगेच विचारलं, ‘भाऊ मार्कशीट कधी’.

हे शिक्षण कचेरीपुरतं राहिलं असतं तर आम्हां शेजाऱ्यांची तक्रार नव्हती. पण कार्यशाळेत ‘आधी उत्सुकता निर्माण करा’ हेही शिकवलं होतं. नानांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : ‘उद्या आपल्या सोसायटीत काहीतरी मोठे घडणार आहे. प्रतीक्षा करा.’ सोबत ढगांच्या मागून येणारी किरणं. चारकोपमध्ये ‘मोठं काहीतरी’ या शब्दांचा अर्थ एकच होतो, पुनर्विकास. दुपारपर्यंत बिल्डरचं नाव ठरलं. संध्याकाळपर्यंत माणशी चौरस फूट ठरले. घर भाड्याने देऊन नालासोपाऱ्याला राहायला गेलेले एक गृहस्थ शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स घेऊन रात्री नऊला हजर. पुण्याहून दोन भावांचा फोन, दोघांचा वेगवेगळा. सकाळी नानांची दुसरी पाटी आली, ‘विषय : पाण्याच्या टाकीची सफाई. वेळ : ११ ते ४.’ त्या दिवशी पाण्याची नव्हे, नानांचीच साफसफाई झाली. ते एवढंच म्हणाले, “पण वाचलं सगळ्यांनी.”

काकूंचा या सगळ्यावर फारसा शब्द नसतो. एकदा म्हणाल्या, “आमच्याकडे रविवारची भाजी बुधवारी ठरते. मी करते मला वाटेल ती, आणि मग हे शेऱ्यात लिहितात : बदल मान्य.”

नाना अठ्ठावन्नला निवृत्त होणार, म्हणजे फार दिवस नाहीत. पण कॅलेंडर त्यापुढची दोन वर्षं भरलेलं आहे. ‘जबाबदारी’च्या रकान्यात त्या कंत्राटी मुलीचं पदनाम आहे, तिचं कंत्राट अकरा महिन्यांचं असलं तरी. मी ते बोट ठेवून दाखवलं, तर म्हणाले, “कागदावर नाव असलं की माणूस हलवायला अवघड जातं. तीस वर्षं दुसरं काय शिकलो?”

परवा शनिवारी संध्याकाळी आम्ही चौकात बसलो होतो. विभागाचा मोबाइल नानांकडेच असतो. तो वाजला. पलीकडे मुलगी होती; आवाज बारीक, मागे गाडीचा खडखडाट. विद्यापीठाची सूचना वाचली, सगळं समजलं, एकच विचारायचं होतं, हॉलतिकिटाचा फोटो पुसट आलाय तर चालेल का. नाना उठून उभे राहिले. चालेल, पण ओळखपत्र सोबत ठेव, केंद्रावर अर्धा तास आधी पोच, घाबरू नकोस, सगळं सांगितलं. मग जरा घुटमळून, माझ्याकडे पाठ करून विचारलं, “बाळ, तू बोलतेस कुठून?”

“कर्जतहून, सर.”

फोन ठेवून नाना खाली बसले. थोडा वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, “कर्जत म्हणजे मध्य रेल्वे.”

“हो.”

“आणि पेपर उद्या, रविवारी. मेगाब्लॉक! तो आपण आराखड्यात धरलेलाच नाही.” त्यांनी लगेच फोन लावला. “अगं बाळ, शनिवार आहे ठाऊक आहे मला. ऐक. पश्चिम रेल्वेच्या खाली एक रकाना वाढव. मध्य. हो, मध्य. आणि डहाणूच्या पोरीला सांग की...” इथे ते एकदम थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “नाही, तिला काही सांगू नकोस. तू रकाना वाढव.”